गारठली की ओरडणारी लेन्स

तळ्यावरच्या मंडळींनी आपल्याला वाळीत टाकलं आहे हे इनोमातांना कळलं, ते सगळ्यांनी त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला तेव्हा.

एरवी असं कधी होत नसे. तोक्योच्या पश्चिमेकडच्या त्या उपनगरी बागेत, तळ्याच्या कठड्याला ओळीने ट्रायपॉड लावून खंड्याची वाट बघणारी ही सगळी निवृत्त मंडळी. एकमेकांशी बोलायची ती फार तर हुंकाराने. 'आलात?' हासुद्धा तिथे लांबलचक संवाद समजला जाई. ट्रायपॉड मध्ये आला तर 'पाय' म्हणायचं, पुढचा पाय काढून घेतो. चहा हवा का असं विचारायचं नसतं, थर्मास सरकवायचा असतो. ओळख जितकी जुनी तितके शब्द कमी, असा तिथला रिवाज. त्या सकाळी मात्र ओळीतला एकूणएक माणूस मागे वळला, हात मांड्यांना चिकटवून वाकला आणि म्हणाला, "सुप्रभात, इनोमाता-सान. आज गारठा किंचित अधिक जाणवतो आहे, नाही का?"

इनोमातांची नजर आपल्या जागेकडे गेली. दिव्याच्या दुसऱ्या खांबाला लागून असलेली ती जागा त्यांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात रोज सकाळी येऊन, थंडी खाऊन कमावली होती. तिथे आता दोन ट्रायपॉड इतके गळ्यात गळा घालून उभे होते की मधून मांजरही गेलं नसतं.

आता एका कठड्यासाठी एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणणाऱ्याचं काय जातं? इनोमातांच्या घरी विचारा. पालिकेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ पहिल्या आठवड्यात घरातल्या फ्रिजच्या मागे लागला. मुळा कुठे, टोफू कुठे, कालचा रस्सा कुठल्या कप्प्यात, यावर त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या आठवड्यात 'दार उघडण्यापूर्वी काय घ्यायचे ते ठरवावे' अशी सूचना दारावर आली. पत्नी मित्सुएबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही घरात असलात की फ्रिजलासुद्धा दडपण येतं. त्या बागेत म्हणे कसलासा निळा पक्षी असतो. बघून या ना." नाश्ता झाल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ त्या दिवसापासून खंड्याच्या नावे लागला. मित्सुएबाईंच्या गायनवर्गाच्या मैत्रिणी घरी येऊन गाऊ लागल्या. फ्रिज मोकळा श्वास घेऊ लागला. म्हणजे त्या कठड्यावरच्या हातभर जागेवर एक अख्खा संसार उभा होता आणि ती जागाच गेली होती.

सगळं खापर फोडायचं तर ते लेन्सवर.

ही लेन्स इनोमातांनी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून घेतली होती. हातभर लांब, धातूची, जड, आणि वयाने त्यांच्या नोकरीतल्या पहिल्या बढतीएवढी जुनी. कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की लेन्सच्या पोटातली मोटर काचा पुढेमागे सरकवते आणि चित्र आपोआप स्पष्ट होतं. हे आताच्या सगळ्याच लेन्समध्ये असतं. पण इनोमाता तळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आताच्या लेन्स म्हणजे प्लास्टिक हो. ही बघा. हिच्या काळात माणसं वस्तू बनवायची." शेजारी उभे असलेले अन्झाई-सान हे ऐकत. ते निवृत्त दंतवैद्य, आणि त्यांच्याकडे तर त्याच मोसमात घेतलेली कोरी करकरीत लेन्स. ते काही बोलत नसत. माणसाचं तोंड उघडं असताना आपण बोलायचं नाही, ही त्यांची धंद्यातली सवय.

थंडी पडू लागली आणि एका सकाळी इनोमातांनी बटण अर्धं दाबताच लेन्स ओरडली.

'ची-ई-ई!' बारीक, धारदार, लांबवर जाणारा आवाज. मोटर जुनी झाली, तिच्यात ओल आणि धूळ बसली की असं होतं म्हणतात. पण योगायोग असा वाईट की खंड्याही पाण्यावरून उडताना असाच ओरडतो. अख्ख्या ओळीच्या माना झटक्यात वर गेल्या. टोकाला उभ्या असलेल्या तोकुनागा-सानांची मान सगळ्यात शेवटी गेली. जन्मभर टोफूचं यंत्र चालवून त्यांच्या कानांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. ते इतरांच्या माना बघत. माना वळल्या की कॅमेरा उचलायचा, हा त्यांचा शिरस्ता.

"आला वाटतं," अन्झाई पुटपुटले.

हाच तो क्षण. इथे इनोमातांनी 'तो पक्षी नाही, माझी लेन्स ओरडली' एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या लेन्सची इतके दिवस टिमकी वाजवली, ती कुंईकुंई करते असं कसं सांगणार? आणि आपल्यामुळे इतक्या माणसांच्या माना फुकट वळल्या, हे बोलून दाखवणं म्हणजे त्या सगळ्यांनाच ओशाळं करणं. सभ्य माणसाने अशा वेळी जे करायचं तेच इनोमातांनी केलं. त्यांनी आपलीही मान वर केली आणि सगळ्यांबरोबर आभाळात पक्षी शोधू लागले.

आणि खरंच पक्षी आला. हिवाळ्यात खंड्या आपल्या हद्दीत दुसरा खंड्या खपवून घेत नाही. या बाबतीत त्याची आणि कठड्यावरच्या मंडळींची मतं अगदी जुळतात. कोण तो घुसखोर, हे बघायला तो तिरासारखा आला आणि थेट इनोमातांच्या समोरच्या काटकीवर बसला. इनोमातांना असा फोटो जन्मात मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. लेन्स ओरडायची, सगळ्यांबरोबर इनोमाता मान वर करायचे आणि खंड्या येऊन त्यांच्याच पुढ्यात बसायचा. अन्झाई-सानांच्या नव्या लेन्सला मात्र त्याच्या शेपटीचंच दर्शन घडायचं. फोटो मिळत होते, पण इनोमातांच्या जिवाला घोर लागला. चोरी पकडली जाण्याआधी चोराने सुधारावं, तसं त्यांनी गुपचूप दुरुस्ती करायचं ठरवलं.

लेन्स बनवणाऱ्या कंपनीचं सेवाकेंद्र शहरात आहे. इनोमातांनी लेन्स लोकरीच्या मफलरात गुंडाळून नेली. आत छान ऊबदार हवा होती. पांढरे हातमोजे घातलेल्या गृहस्थाने लेन्स दोन्ही हातांनी घेतली, कॅमेऱ्याला लावली आणि बटण दाबलं. लेन्स ब्रसुद्धा काढेना. काचा लोण्यासारख्या सरकल्या.

"तळ्यावर ओरडते हो," इनोमाता म्हणाले.

"तळ्यावर," गृहस्थाने आदराने मान डोलावली.

"म्हणजे मोटर बदलता येईल का?"

गृहस्थ खुर्चीतून उठला आणि वाकला. "या लेन्सचे सुटे भाग ठेवण्याची आमची मुदत संपून बराच काळ लोटला आहे. आपण इतकी वर्षं आमची लेन्स प्रेमाने वापरत आहात, याबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक ऋणी आहोत."

त्या देशात हे वाक्य कानावर पडलं की माणसाने आपलं सामान उचलावं. त्यापुढे कुठलंही काम झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

उरले शेजारी. भिंतीपलीकडच्या कुसाकाबेबाई म्हणाल्या, "ओल गेली असेल आत. तांदळाच्या डब्यात ठेवा. माझ्या नवऱ्याचा फोन असाच वाचला." लेन्स दोन रात्री तांदळात झोपली. निघाली ती तांदळाची पूड अंगाला फासून, आणि तळ्यावर अधिक मोकळ्या गळ्याने ओरडली. मित्सुएबाईंना मात्र भातात लोकरीचे धागे सापडले. मग कुणीसं सांगितलं की ऊब द्या. जेवायच्या बुटक्या मेजाखाली शेगडी असते ना, वर रजई घालून पाय शेकायची, त्या कोतात्सूत इनोमातांनी लेन्स ठेवली. संध्याकाळी गायनवर्गातल्या एका बाईंचा पाय तिला लागला. बाईंना वाटलं घरात कुणी म्हातारं माणूस निजलंय. त्यांनी रजईत डोकं घालून लेन्सची क्षमा मागितली.

शेवटी इनोमातांनी आडवळणाने अन्झाई-सानांनाच विचारलं. माझ्या एका मित्राकडे एक जुनी वस्तू आहे, ती ओरडते, असं.

"दुखतं तेव्हा ओरडते ना?" अन्झाई म्हणाले. "मग काळजी नाही. ओरडणारा दात वाचतो. गप्प झाला की काढावा लागतो."

एवढं बोलून त्यांनी इनोमातांच्या लेन्सकडे एक नजर टाकली. इनोमातांना ती नजर जरा लांबल्यासारखी वाटली. पण त्यांनी मनाची समजूत घातली.

त्या आठवड्यात बागेच्या फाटकावर सूचना लागली.

'अलीकडे काही अभ्यागत पक्ष्यांना बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवीत असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यामुळे पक्ष्यांची तसेच अन्य अभ्यागतांची कुचंबणा होत आहे. कृपया सहकार्य करावे.'

इनोमाता वाचता वाचताच घामाघूम झाले. पालिकेत सारी हयात त्यांनी हेच काम केलं होतं. 'अलीकडे काही रहिवासी ओला कचरा चुकीच्या दिवशी ठेवीत असल्याचे' वगैरे वगैरे. 'काही' म्हणजे एकच, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? तो एक कोण, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असायचं. सूचना त्या एकासाठी नसतेच, ती बाकीच्यांसाठी असते, हा सिद्धान्त त्यांनी स्वतः नवख्या कारकुनांना शिकवला होता. तरीही त्यांनी आशा सोडली नसती. पण सूचनेखाली एक चित्र होतं. त्यात एक खंड्या डोळ्यांत पाणी आणून उभा होता आणि त्याच्यासमोर लांब लेन्सवाला एक माणूस. त्या माणसाच्या डोक्यावर कान झाकणारी, दोन्ही बाजूंना कान लोंबणारी टोपी होती. त्या बागेत तशी टोपी घालणारा माणूस एकच होता. इनोमातांनी टोपी काढून खिशात कोंबली. पण थंडी इतकी होती की पुन्हा घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साग्रसंगीत नमस्कार झाला, तो वर सांगितलाच.

"मंडळी," इनोमाता म्हणाले, "ती माझी लेन्स आहे. मोटर जुनी झालीय. तीच ओरडते. खिशात काही नाही माझ्या, हे बघा." त्यांनी खिसे उलटे केले. एकातून टोपीची गुंडी पडली.

"असं होय," ओळ म्हणाली. "फार त्रास होत असेल आपल्याला. काळजी घ्यावी."

इतका मऊ आवाज त्यांनी यापूर्वी फक्त सांत्वनाला गेल्यावर ऐकला होता.

इनोमातांना आता न्याय हवा होता. ते तडक बागेच्या कचेरीत गेले. तिथले कारभारी होंजो-सान म्हणजे चाळिशीतला सावध माणूस. त्याने त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "सूचना कुणा एका व्यक्तीबद्दल नाही हो."

"मी पालिकेत होतो," इनोमाता म्हणाले.

होंजोचा चेहरा एकदम पडला. "मग तुम्हाला काय सांगायचं," तो म्हणाला. "बरं, लेन्स ओरडून दाखवा. ओरडली की मी सूचना बदलतो. पण साक्षीदार आणा बरोबर."

साक्षीला कोण येणार? अख्ख्या ओळीतून एकटे तोकुनागा-सान तयार झाले. "मी सांगतो ना त्याला," ते म्हणाले. "सज्जन माणूस आहात तुम्ही. मला काय कळत नाही?"

इनोमातांचे डोळे पाणावले. त्या भरात आपण कुठला साक्षीदार नेतोय याचा विचार राहून गेला.

कचेरीत रॉकेलचा स्टोव्ह धडधडत होता. इनोमातांनी मफलर सोडला, लेन्स लावली, खिडकीतून दिसणाऱ्या कावळ्यावर रोखली आणि बटण दाबलं. लेन्स मुकाट सरकली. पुन्हा दाबलं. पुन्हा मुकाट. त्यांनी लेन्सवरचं कडं हाताने फिरवून पाहिलं, हलकी थाप मारून पाहिली, 'ओरड गं बाई' असं पुटपुटूनही पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

होंजो-सानने खोकून तोकुनागांकडे पाहिलं. "आपण यांच्या ओळीत उभे असता?"

"पहिल्यापासून."

"आणि आपण काय ऐकलंत?"

तोकुनागा ताठ बसले. "मी शपथेवर सांगतो," ते म्हणाले, "या माणसाच्या लेन्सचा मी आजवर एकसुद्धा आवाज ऐकलेला नाही."

तोकुनागांनी इनोमातांकडे बघून हसून मान हलवली, कामगिरी फत्ते झाल्यासारखी. इनोमातांनी उठून दोघांचे आभार मानले. दुसरं करणार काय?

त्यानंतर ते घरीच राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी फ्रिजचं दार उघडून ते बराच वेळ आत बघत उभे राहिले. गायनवर्गाच्या बायका आल्या तेव्हा ते कोपऱ्यात बसून ऐकू लागले. मध्येच 'तिसऱ्या ओळीत दुसरा आवाज जरा मागे पडतो' असं म्हणाले. बायकांनी मोठ्या नम्रपणे त्यांचे आभार मानले. मित्सुएबाईंना ती नम्रता बरोबर कळली.

बायका गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, एक विचारू? ती लेन्स दुकानात ओरडली नाही, कचेरीत ओरडली नाही. तळ्यावर मात्र ओरडते."

"तेच तर. माझ्यावर उठलीय ती."

"दुकानात ऊब होती. कचेरीत स्टोव्ह होता. तळ्यावर काय असतं?"

इनोमातांनी गुंडाळून ठेवलेल्या लेन्सकडे पाहिलं.

"गारठली की ओरडते," मित्सुएबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच. सारखी मफलरात कशाला गुंडाळता तिला? आणि उद्यापासून बाहेर पडा. कठड्यावर जागा नसेल तर तळ्याला दुसरा काठ नाही का?"

दुसरा काठ होता. पण तिकडे कुणी जात नसे, कारण सकाळचं ऊन तिथे सरळ डोळ्यांत येतं. कठड्यावरच्यांना ऊन पाठीशी, पलीकडच्याला तोंडावर. शिवाय तिथे वेत आणि चिखल, बसायला एक दगड. इनोमाता त्या दगडावर जाऊन बसले. रात्रभर अंगणात उघड्यावर ठेवलेली लेन्स त्यांनी पाण्यावर रोखली. समोर, तळ्यापलीकडे, ओळ दिसत होती. ओळीने इकडे बघितलं आणि लांबून सगळी वाकली. इनोमाताही बसल्या बसल्या वाकले. मोटर चालली काय न चालली काय, पक्षी आला काय न आला काय, जेवणाची वेळ होईपर्यंत बसायचं आणि घरी जायचं, एवढंच आता त्यांच्या मनात होतं. डब्यात भाताचा गोळा होता, आत आंबट आलूबुखार घातलेला. ऊन तोंडावर आलं होतं खरं, पण ते उबदार होतं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं, आणि त्याचाच त्यांना जरा राग आला.

तेवढ्यात चिखलातून चपचप करत होंजो-सान आला.

"इनोमाता-सान, क्षमा असावी," तो म्हणाला. "हा काठ पक्ष्यांच्या विश्रांतीसाठी राखीव आहे. म्हणजे बसायला हरकत नाही. पण ट्रायपॉड लावायचा तर कचेरीची आगाऊ परवानगी..."

"कुठे लिहिलंय?"

"अजून लिहिलेलं नाही. तुम्ही इथे बसाल असं कुणाला वाटलं नव्हतं."

इनोमातांना हे पटलं. पालिकेत असते तर त्यांनीही असंच म्हटलं असतं. डब्यातला उरलेला घास तोंडात टाकून, उठण्यापूर्वी सवयीने त्यांनी बटण अर्धं दाबलं आणि रात्रभर गारठलेली लेन्स ओरडली. असा गळा तिने पूर्वी कधी काढला नव्हता.

होंजोने दचकून त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडात भाताचा घास होता.

वेतांमधून निळी रेघ आली. बसायला तिथे काटकी नव्हती. पाण्यावर झुकलेलं असं एकच काहीतरी होतं, ते म्हणजे इनोमातांची लेन्स. तिच्या तोंडावर उन्हासाठी बसवलेलं काळं नळकांडं असतं, त्याच्या काठावर खंड्या येऊन बसला. इनोमातांच्या नाकापासून हातभर अंतरावर.

त्यांनी हळूच डोकं वर केलं. फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्यामागून दिसत होता नुसता निळा धूर. एवढ्या जवळचं काही लेन्सला दिसत नाही. पण बोट बटणावर अर्धं दाबलेलं राहिलं होतं आणि ते उचलायची हिंमत होत नव्हती. बिचारी मोटर पुढे धावत होती, मागे धावत होती, सापडत काही नव्हतं आणि दर फेरीला ती ओरडत होती. खंड्याने मान वाकडी केली. काठावरून खाली वाकून त्याने नळकांड्यात डोकावलं. आतल्या काचेत एक खंड्या त्याच्याकडे रागाने बघत होता.

"ची-ई-ई!" खंड्या म्हणाला.

"ची-ई-ई!" लेन्स म्हणाली.

खंड्याने काचेवर टोच मारली. समोरच्यानेही मारली. मग त्याने पिसं फुलवली, पाय रोवले, आणि हा वाद आता तडीस न्यायचाच अशा थाटात बसला. होंजो-सान एक पाय चिखलात आणि एक वर, असा परवानगीच्या वाक्याच्या मध्येच थांबला होता. इनोमातांच्या तोंडातला घास तसाच होता. तळ्यापलीकडून अख्ख्या ओळीचे कॅमेरे एकदम कडकडू लागले. ऊन तिथून सरळ इनोमातांच्या अंगावर येत होतं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते उन्हाने आलं, असं ते अजून सांगतात.

वाद किती वेळ चालला कुणास ठाऊक. शेवटी खंड्याने विजय मिळाला असं ठरवलं, लेन्सवर पांढरी सही केली आणि निघून गेला.

होंजोने पाय खाली ठेवला. "ती परवानगी," तो म्हणाला, "नको."

चार दिवसांत फाटकावरची सूचना बदलली. शेवटी एक ओळ आली होती, 'जुन्या उपकरणांतून आपोआप निघणारा आवाज या सूचनेत धरलेला नाही.' इनोमातांनी ती व्यावसायिक नजरेने वाचली आणि 'धरलेला' हा शब्द चांगला निवडला असं त्यांचं मत पडलं. चित्र तेच होतं. पण त्या माणसाच्या टोपीचे कान पांढऱ्या रंगाने खोडले होते.

त्याच्या आदल्याच संध्याकाळी अन्झाई-सान स्वतः घरी फोटो देऊन गेले होते. तळ्यावरच्या ओळीतला सगळ्यात चांगला फोटो त्यांचा आला होता. मोठा करून, चौकटीत घालून. दारातच दिला आणि आत न येता निघाले. जाताना वळून म्हणाले, "तक्रार मी केली होती."

"माहीत होतं," इनोमाता म्हणाले. ते त्यांना मुळीच माहीत नव्हतं.

फोटो अप्रतिम होता. अन्झाईंच्या नव्या लेन्सला कुठेही पक्षी असला की त्याचा डोळा शोधून त्यावरच नेम धरता येतो. तिने तेच केलं होतं. खंड्याच्या डोळ्यातला उन्हाचा थेंब दिसत होता, चोचीवरचं पाणी दिसत होतं, पिसन् पीस मोजावं असं होतं. आणि त्याच्या मागे, अंगावर ऊन झेलत, एक गोल, मऊ, गुलाबी ढग होता. तो इनोमातांचा चेहरा. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी ते उपस्थित होते याचा हा एकमेव पुरावा, आणि त्यात त्यांना डोळे नव्हते, नाक नव्हतं.

"कुणीही असू शकतं हे," ते दुखावून म्हणाले. "होंजोसुद्धा."

मित्सुएबाईंनी चष्मा लावून फोटो निरखला. "नाही हो, तुम्हीच," त्या म्हणाल्या. "टोपीचे कान आहेत ना. आणि गालात घास आहे." मग त्यांनी फ्रिजच्या दारावरची सूचना काढली आणि फोटो चौकटीतून काढून तिथे लावला.

दुसऱ्या दिवशी इनोमाता बागेत गेले, ते पलीकडच्या दगडाच्या वाटेनेच. पण कठड्याजवळून जाताना त्यांची पावलं मंदावली. ओळ पाठमोरी उभी होती. कुणी वळलं नाही. कुणी वाकलं नाही. थंडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि दिव्याच्या दुसऱ्या खांबाला लागून, दोन ट्रायपॉडच्या मध्ये, एका ट्रायपॉडएवढी रिकामी जागा होती.

इनोमाता तिथे उभे राहिले. त्यांनी आपला ट्रायपॉड उघडला.

"पाय," अन्झाई म्हणाले.

इनोमातांनी पाय काढून घेतला. त्यांना फार बरं वाटलं. लेन्स बसवली, रोखली, बटण अर्धं दाबलं. ती ओरडली आणि ओळीच्या सगळ्या माना झटक्यात वर गेल्या, शेवटी तोकुनागांची. इनोमातांनीही मान वर करून आभाळात पाहिलं.

"तुम्ही काय बघताय तिकडे?" अन्झाई म्हणाले. "तुमचीच ओरडलीय ती." आणि त्यांनी न विचारता थर्मास इनोमातांकडे सरकवला.